चौकातला भागाकार

वाहतुकीचा सिग्नल मुलांना शाळेत भेटतो तो बहुधा नागरिकशास्त्राच्या तासाला. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, नियम मोडणारा तो वाईट. गणिताच्या तासाला मात्र तो सहसा येत नाही. खरे तर सिग्नल हा गणिताचाच विषय आहे. एक तास म्हणजे ३,६०० सेकंद, आणि ते एकमेकांना छेदणाऱ्या रस्त्यांमध्ये वाटून द्यायचे. कोणाला किती द्यायचे, आणि एक फेरी किती सेकंदांत पुरी करायची? लाल दिव्यापाशी शिस्तीने थांबा, असे आपण मुलांना सांगतो. पण तो लाल दिवा ४० सेकंदांचा असावा की १६० सेकंदांचा, हे कोणी ठरवले आणि कशावरून, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. या लेखात आम्ही त्या ठरवण्याच्या रीतीचे परीक्षण करणार आहोत.

या रीतीच्या मुळाशी एक छोटा निबंध आहे. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी तो लिहिला आणि १९५८ साली तो 'ट्रॅफिक सिग्नल सेटिंग्ज' या नावाने, तांत्रिक निबंध क्रमांक ३९ म्हणून प्रसिद्ध झाला. जगभरच्या वाहतूक अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही त्यातले सूत्र शिकवले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने सिग्नलसंबंधी १९८५ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही वेबस्टर यांचीच रीत आहे. म्हणजे हा निबंध आपल्या चौकाचौकांत उभा आहे असे म्हटले तरी चालेल.

सूत्र सोपे आहे. सिग्नलची एक पूर्ण फेरी, म्हणजे एका हिरव्यापासून त्याच रस्त्याच्या पुढच्या हिरव्यापर्यंतचा काळ, याला चक्रकाल म्हणू. त्याचे अक्षर 'च'. प्रत्येक फेरीत काही सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. दिवा हिरवा झाल्यावर पहिली वाहने हलायला वेळ घेतात, पिवळ्या दिव्याचे काही सेकंद जातात, चौक मोकळा व्हायला काही जातात. हा वाया जाणारा वेळ 'व'. आता प्रत्येक रस्त्यावर तासाला प्रत्यक्ष किती वाहने येतात, आणि दिवा सतत हिरवा राहिला असता तर तासाला जास्तीत जास्त किती जाऊ शकली असती, यांचे गुणोत्तर काढायचे. एकामागून एक हिरवा मिळणाऱ्या रस्त्यांच्या अशा गुणोत्तरांची बेरीज म्हणजे चौकावरचा भार, 'भ'. वेबस्टर यांचे उत्तर असे :

च = (१.५ × व + ५) ÷ (१ − भ)

समजा, चौकात दोनच टप्पे आहेत आणि प्रत्येकात ५ सेकंद वाया जातात. म्हणजे व = १०, आणि अंश होतो २०. भार ०.५ असेल तर चक्रकाल ४० सेकंद. भार ०.७५ झाला की ८०, ०.८ ला १००, ०.९ ला २०० आणि ०.९५ ला ४०० सेकंद. भार १ झाला की उत्तर अनंत, आणि १ च्या पुढे गेला की ऋण! शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हे कोष्टक फळ्यावर लिहितो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : ऋण सेकंदांचा सिग्नल लावायचा कसा? प्रश्न विनोदाने विचारलेला असतो, पण तो अगदी नेमक्या जागी बोट ठेवतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी सूत्रातले चांगले काय ते सांगितले पाहिजे. फेरीतला कामाचा वेळ (च − व). तेवढ्यात सगळी वाहने निघून जायला हवीत, तर चक्रकाल निदान व ÷ (१ − भ) इतका लागतो. त्याहून कमी ठेवला तर रांग वाढतच जाईल. आपल्या उदाहरणात सूत्राचे उत्तर या किमान काळाच्या बरोबर दुप्पट आहे. दुप्पट का? वाहने घड्याळासारखी एकसारख्या अंतराने येत नाहीत; कधी घोळक्याने येतात, कधी रस्ता रिकामा. त्या चढउतारासाठी जागा ठेवावी लागते. वेबस्टर यांनी संभाव्यता शास्त्रातून एक भाग मांडला, जो भाग कागदावर सुटेना तो संगणकावर कृत्रिम वाहतूक चालवून मिळवला आणि दोन्ही जोडून वाहनामागे सरासरी खोळंबा काढला. खोळंबा सर्वांत कमी जिथे होतो, तो चक्रकाल उत्तम. १९५८ साली संगणकाचा असा उपयोग करणे ही साधी गोष्ट नव्हती.

मोटारीच्या मापाने

आता दोषांकडे वळू. पहिला दोष आपल्या रस्त्यावर आल्यावरच दिसतो. सूत्राला 'किती वाहने' हे एकाच आकड्यात हवे असते. म्हणून सगळ्या वाहनांचे मोटारीत रूपांतर करतात. वेबस्टर यांच्या पद्धतीत बस म्हणजे २.२५ मोटारी, मोटरसायकल म्हणजे ०.३३ आणि सायकल ०.२. तसेच रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरला तासाला ५२५ मोटारी जाऊ शकतात, असा एक आकडा आहे. हे सगळे ब्रिटनच्या रस्त्यांवर मोजलेले. तिथे मोटारी पुष्कळ आणि दुचाकी तुरळक, शिवाय वाहने एकामागे एक उभी राहणारी. आपल्याकडे दिवा लाल झाला की दुचाकी फटीफटीतून पुढे येतात आणि थांबरेषेपाशी दाटी करतात. त्यांना ०.३३ लावायचे की आणखी काही?

एक काल्पनिक चौक घेऊ. मुख्य रस्ता एकदिशा, ७ मीटर रुंद; म्हणजे त्याची क्षमता ५२५ × ७ = ३,६७५. त्यावरून गर्दीच्या तासाला २,००० दुचाकी, ९०० मोटारी आणि ४० बस जातात. रिक्षा सोडून देऊ, नाहीतर हिशेब लांबेल. आडव्या रस्त्यावर फक्त मोटारी आहेत आणि त्याचे गुणोत्तर ०.३ आहे असे धरू. दुचाकीला ०.३३ दिले तर मुख्य रस्त्याचा प्रवाह ६६० + ९०० + ९० = १,६५०, गुणोत्तर ०.४५, एकूण भार ०.७५ आणि चक्रकाल ८० सेकंद. दुचाकीला ०.५ दिले तर प्रवाह १,९९०, भार ०.८४ आणि चक्रकाल १२६ सेकंद. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच १९९० च्या दुसऱ्या एका मार्गदर्शिकेत, दुचाकींचे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असेल तर, ०.७५ हा आकडा दिला आहे. तो चौकासाठी नसून सरळ रस्त्यासाठी आहे, हे खरे. पण कोणी कोष्टक चुकून उचललेच तर चक्रकाल येतो जवळजवळ १५ मिनिटे!

चौक तोच, वाहने तीच, घड्याळही तेच. बदलला तो एक गुणक. छेदात (१ − भ) असल्यामुळे भार १ च्या जवळ गेला की बारीकशी चूक सूत्र अवाढव्य करून परत देते. आणि आपले गर्दीचे मुख्य रस्ते नेमके याच टोकाला असतात. जिथे सूत्राची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते सर्वांत कमी भरवशाचे. सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २०१७ साली भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र क्षमता पुस्तिका तयार झाली. तीत आपल्याच चौकांवर मोजून काढलेली मूल्ये आहेत. हे काम मोलाचे आहे. त्याने गुणक सुधारतील, पण छेद तोच राहील.

ऋण सेकंदांचे उत्तरही इथेच आहे. भार १ च्या पुढे गेला याचा अर्थ कोणताही चक्रकाल पुरणार नाही. सूत्र तिथे 'मला विचारू नका' असे सांगत असते. त्या क्षणी करण्यासारखी कामे निराळी असतात : उजवे वळण बंद करणे, आडवा रस्ता एकदिशा करणे, बसची संख्या वाढवणे. आपल्याकडे बहुधा सोपा मार्ग निवडला जातो. चक्रकाल आणखी वाढवतात.

फेरी मोठी की क्षमता मोठी?

चक्रकाल वाढवला की वाया जाणारा वेळ कमी फेऱ्यांत विभागला जातो आणि चौकातून जास्त वाहने जातात, हा समज अगदी खोटा नाही. पण किती जास्त? व = १० धरून भागाकार करा. ६० सेकंदांच्या चक्रात कामाचा वेळ ८३ टक्के, १२० ला ९२ टक्के, १८० ला ९४ टक्के, २४० ला ९६ टक्के. एकशेवीसचे दोनशेचाळीस केले, सगळ्यांना दुप्पट ताटकळत ठेवले आणि मिळवले चार टक्के. तेही हिरव्याचा प्रत्येक सेकंद सारख्याच दाटीने वापरला गेला तर. आमच्याकडे पुढे दाटलेल्या दुचाकी पहिल्या काही सेकंदांत भरभर निघून जातात, नंतरचा प्रवाह विरळ होतो. आणि लांब लाल दिव्यामागची रांग मागच्या चौकापर्यंत पोचली, की तिथला हिरवा दिवा असून नसल्यासारखा. वेबस्टर यांचे गणित एकट्या चौकाचे आहे. मागचा चौक त्याला दिसत नाही. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला मात्र तो दिसतो. सिग्नल बंद करून हाताने वाहतूक चालवणाऱ्या हवालदाराला हसण्याची पद्धत आहे, ती म्हणूनच आम्हाला पटत नाही.

वेबस्टर यांच्या निबंधातले एक निरीक्षण मात्र फारच थोडे लोक उद्धृत करतात. चक्रकाल उत्तम उत्तराच्या पाऊणपट ते दीडपट यांच्या दरम्यान कुठेही ठेवला तरी खोळंबा किमान खोळंब्यापेक्षा १० ते २० टक्क्यांहून अधिक वाढत नाही, असे त्यांनी दाखवले आहे. म्हणजे आलेखाचा तळ दरीसारखा टोकदार नसून परातीसारखा सपाट आहे. ८० सेकंद उत्तम असतील तर ६० ही चालतील आणि १२० ही. या मोकळ्या जागेत कुठे उभे राहायचे हे सूत्र सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते. वाहनांचे फारसे बिघडत नसेल तर दुसऱ्या कोणाचा विचार करायला इथे वाव आहे. आपल्या शहरांनी हा वाव नेहमी एकाच बाजूला, लांब चक्राकडे, वापरला, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

कोण मोजले गेले नाही

सूत्र खोळंबा कमी करते, पण कोणाचा? मोटारीत रूपांतर केलेल्या वाहनांचा. इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बस चौकातून जाताना सव्वादोन मोटारींइतकी जागा आणि वेळ घेते, हे क्षमतेच्या हिशेबात बरोबर आहे. पण तीच बस लाल दिव्यापाशी उभी असते तेव्हा सव्वादोन मोटारींचा वेळ जात नसतो. वरच्या उदाहरणात बसमध्ये ५०, मोटारीत दीड आणि दुचाकीवर सरासरी १.३ माणसे धरा. रस्त्यावरच्या सुमारे ६,००० माणसांपैकी २,००० बसमध्ये आहेत, म्हणजे तिसरा हिस्सा. सूत्रात त्यांचे वजन १,६५० पैकी ९०, साडेपाच टक्के. आणि जो चालत आहे त्याचे वजन शून्य. पादचारी या गणितात येतो तो फक्त एक अडचण म्हणून : त्याला रस्ता ओलांडता येईल इतका किमान वेळ सोडा, एवढेच. तो किती वेळ थांबला, हे कुठेच मोजले जात नाही.

गर्दीच्या मुख्य रस्त्यावर 'हिरवी लाट' आणायची म्हटले की हा दोष आणखी वाढतो. ओळीतल्या सगळ्या सिग्नलांचा चक्रकाल एकच ठेवावा लागतो, आणि तो ठरतो सर्वांत गर्दीच्या चौकावरून. (दोन्ही दिशांना हिरवी लाट मिळेल, असे आश्वासन कोणी दिले तर चौकांमधली अंतरे विचारावीत. ताशी ४० किलोमीटर वेग आणि ९० सेकंदांचे चक्र असेल तर ते साधारण ५०० मीटरच्या समान अंतरांवरच नीट जमते. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारख्या एकदिशा रस्त्यावर काम सोपे असते, कारण तिथे एकाच बाजूची लाट सांभाळायची असते.) आता अशा ओळीत मध्येच एका शाळेसमोर पादचाऱ्यांचा सिग्नल आहे. आडवा रस्ता नाही, भार अगदी कमी. पण दोन चौक पलीकडच्या गर्दीमुळे त्याचाही चक्रकाल १८० सेकंद!

इथे मुलांना थांबावे किती लागते? हा हिशेब आठवीच्या वर्गात सहज होतो. फेरी 'च' सेकंदांची, त्यात चालणाऱ्यासाठी लाल 'ल' सेकंद. मूल केव्हाही येऊ शकते, म्हणून लाल असताना येण्याची शक्यता ल ÷ च. आले तर सरासरी अर्धा लाल थांबणार. म्हणून सरासरी थांबा ल² ÷ २च. निघायची मुभा १५ सेकंद असेल तर १८० च्या चक्रात ल = १६५ आणि सरासरी थांबा ७६ सेकंद. तोच सिग्नल अर्ध्या चक्रावर, ९० सेकंदांवर, चालवला तर ल = ७५ आणि थांबा ३१ सेकंद. अर्ध्या चक्राने हिरवी लाट मोडत नाही, कारण दर दुसरी फेरी शेजारच्या चौकांशी जुळतेच. ही युक्ती अभियंत्यांना चांगली ठाऊक आहे.

मग वाहनांचे नुकसान किती? वरचाच रस्ता घ्या, दुचाकीला ०.५ धरून. मुलांसाठी वाहने दर वेळी २५ सेकंद थांबवावी लागतात : १५ सेकंद निघायला, १० पलीकडे पोचायला. आता ती दुप्पट वेळा थांबतील. वेबस्टर यांच्याच रीतीने पाहिले तर वाहनामागे सरासरी खोळंबा सुमारे ५ सेकंदांनी वाढतो. तिकडे मुलामागे ४५ सेकंद वाचतात. म्हणजे नऊ प्रवाशांच्या तोट्याला एका मुलाचा फायदा पुरून उरतो. रस्त्यावर तासाला ६,००० माणसे आहेत. त्या तासात साडेसहाशेहून अधिक पादचारी ओलांडत असतील तर वेळेच्या निव्वळ हिशेबानेही अर्धे चक्रच उत्तम ठरते. मोठी शाळा सुटण्याच्या वेळी ही संख्या काही विशेष नाही. पण पादचाऱ्याचे वजन शून्य धरणाऱ्या सूत्राला हे उत्तर कधीच सापडणार नाही, गुणक कितीही अचूक केले तरी.

वेळेपुरता हा हिशेब झाला. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये नोंद आहे की थांबा ३० सेकंदांच्या पुढे गेला की पादचारी अस्वस्थ होतात आणि लाल असतानाच निघण्याची शक्यता वाढते. ३१ आणि ७६ यांतला फरक या नोंदीच्या उजेडात पाहावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. यांतली किती सिग्नलपाशी, हा आकडा त्यातून काढता येत नाही आणि आम्ही तो काढणारही नाही. पण जो मुलगा ७६ सेकंद न थांबता पळाला त्याला बेशिस्त म्हणण्याआधी ७६ हा आकडा कुठून आला, ते विचारायला हवे.

छोटे चक्र सर्वत्र चांगले, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. चक्र फार आखडले तर ओलांडायचा वेळच अपुरा पडतो. २० मीटर रुंदीचा रस्ता धडधाकट माणूस १७ सेकंदांत ओलांडतो, सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या आजीला २२ सेकंद लागतात. अशा रस्त्यावर मध्ये थांबायला दुभाजकावर नीट जागा नसेल तर छोटे चक्र आजीच्या उपयोगाचे नाही.

अलीकडे या जुन्या सूत्राची जागा संगणकावर चालणाऱ्या पद्धती घेत आहेत. सिडनीची 'स्कॅट्स' आणि ब्रिटनची 'स्कूट' या दोन्ही १९७० च्या दशकातल्या. त्या रस्त्यात पुरलेल्या संवेदकांनी वाहने मोजून दिव्याच्या वेळा सतत बदलतात. २०२३ साली गूगलने नकाशातील माहितीवरून सिग्नलच्या वेळा सुचवणारा आपला प्रकल्प जाहीर केला. त्यात बंगळूर, हैदराबाद आणि कोलकाता ही शहरे आहेत. या पद्धती सूत्रापेक्षा पुष्कळ चपळ आहेत यात शंका नाही. दर तासाला बदलणारी वाहतूक त्यांना दिसते. पण त्यांनाही कोणीतरी सांगावेच लागते की काय कमी करायचे : वाहनांचा खोळंबा, थांब्यांची संख्या, की धूर. 'स्कूट'मध्ये बसला प्राधान्य देण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये थांबलेला पादचारी ओळखणारे सिग्नलही आहेत. म्हणजे हे तंत्राने अशक्य नाही. मात्र गर्दीचा रस्ता 'सुरळीत' झाल्याची बातमी येते तेव्हा वाहनांचा वेग वाढल्याचा आकडा तिच्यात असतो. पादचाऱ्याचा थांबा किती झाला, हे आम्ही त्या बातमीत क्वचितच वाचले आहे.

शाळेजवळ सिग्नल असेल तर हा आकडा वर्गातच काढता येईल. मोजणी कुंपणाच्या आतून किंवा गच्चीवरून करावी, रस्त्यावर उतरून नव्हे. एकाने घड्याळ धरावे, एकाने पादचाऱ्यांच्या लाल-हिरव्याच्या वेळा लिहाव्या, एकाने लाल असतानाच निघालेल्यांच्या रेघा ओढाव्या. दहा फेऱ्या पुरेत. चक्रकाल दर फेरीला बदलत असेल तर सरासरी न काढता सगळ्या फेऱ्यांच्या लाल काळांचे वर्ग करून बेरीज घ्यावी आणि तिला एकूण काळाच्या दुपटीने भागावे. मग सकाळच्या वेळी एकदा आणि शाळा सुटताना एकदा मोजावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की लाल असताना निघालेल्यांच्या रेघा कोणत्या कागदावर जास्त आहेत, ते पाहावे.